भिलाईच्या मुरमातलं कोहळं

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत पहिलं कोहळं मी पिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पुष्कळ जणींनी पुष्कळ कोहळी पिकवली आणि प्रत्येकीला वाटतं की सुरुवात तिनंच केली. वाटू दे. ज्या वर्षी माझ्या क्वार्टरच्या छतावर कोहळं बसलं होतं, त्या वर्षी बाकीच्या छतांवर गोधड्या वाळत होत्या, एवढं मला चांगलं आठवतं. कोहळं म्हणजे लाल भोपळा. पुण्याकडचे लोक पांढऱ्याला कोहळा म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे, आमच्या भंडाऱ्याकडे लालच कोहळं.

आम्ही धानाचे शेतकरी, तलावांच्या मुलखातले. घरात सासू-सासरे, तीन भाऊ, तीन जावा. आमचे हे मधले. भिलाईला कारखाना उभा राहतोय, भरती चालू आहे, असं गावात कोणीतरी बोललं आणि हे उठून आले. कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर लागले. आधी कॅम्पात चार जणांबरोबर राहिले, मग क्वार्टर मिळालं तशी मला घेऊन आले. पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. संध्याकाळी तिकडचं आभाळ लाल व्हायचं आणि मी नवी नवी असताना रोज दारात उभी राहून ते बघायची.

क्वार्टरला दोन खोल्या, मागे नळ आणि भिंतीनं घेरलेली मोकळी जागा. घरामागच्या अशा जागेला आम्ही सांदवाडी म्हणतो. ती सांदवाडी बघून मला जो आनंद झाला तो खोल्या बघूनही झाला नव्हता. सासरी बियाण्याच्या पुरचुंड्या सासूबाईंच्या खोलीत, मडक्यात राखेत ठेवलेल्या. काय पेरायचं, कुठे पेरायचं, कधी पेरायचं, हे त्यांनी सांगायचं आणि आम्ही सुनांनी वाकायचं. मी म्हटलं तेव्हा कधी एक वेलसुद्धा लागला नव्हता. इथे विचारायला कोणी नव्हतं. निघताना सासूबाईंनी मोठ्या मनानं थोडं थोडं बी बांधून दिलं होतं: कोहळं, वाल, वांगी, मिरची, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, त्यावरूनही वाद नको.

आता भुईचं सांगते. बुलडोझरनं वरची माती खरवडून नेली होती आणि उरला होता लाल मुरूम. इथले लोक अशा जमिनीला भाटा म्हणतात आणि तिच्यात ढोरं चारण्यापलीकडे काही करत नाहीत. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. तरी मी खणलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मले, शेतकऱ्याच्या घरी पडले, मला कोण भाजी शिकवणार, असा माझा ताठा होता.

आणि पहिल्याच वर्षी जी चूक झाली ती त्याच ताठ्यातली. चूक एकटीची नव्हती, आमच्याकडच्या जेवढ्या बायका त्या लाइनीत होत्या त्या सगळ्यांची होती. आमच्याकडे राखेवाचून भाजी होत नाही. वांग्यावर मावा पडला, राख भुरभुरा. वेलाला किडा लागला, राख घाला. आळ्यात राख, वाफ्यात राख, बियाण्यात राख. पण गावची राख लाकडाची आणि गोवरीची. भिलाईत आम्ही पेटवत होतो कोळशाची सिगडी. राख म्हणजे राख, असं समजून आम्ही रोजची सिगडी सांदवाडीत उपडी करत राहिलो. मुरूम, त्यावर कोळशाची राख, त्यावर मृगाचं पाणी. श्रावणापर्यंत वाफे असे आवळले की त्यावर बसून भांडी घासता आली असती. वांग्याची रोपं वीतभर होऊन पिवळी पडली. वाल उगवला आणि जागच्या जागी उभा राहिला. कोहळ्याचं बी तर वर आलंच नाही, खणून पाहिलं तर कडक थराखाली कोंब वाकून सडला होता.

तशात दसऱ्यानंतर सासरे आले. सुनेनं सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडे रीत आहे, मीही म्हणायची. मामाजी कमी बोलणारे. दोन खोल्या बघितल्या, नळ फिरवून बघितला, विजेचा दिवा बघितला. मग मागे गेले. चपलेच्या टाचेनं वाफा ठोकून पाहिला. टाच रुतली नाही.

"याले तुमी भुई म्हणता?" ते यांना म्हणाले. "जिथं काडी जगत नाई, तिथं माणूस काय जगन?"

रात्रीच्या जेवणाला भाजी बाजारची होती. उतई गावाकडून बायका टोपल्या घेऊन यायच्या, त्यांच्याकडचा पालक. मामाजींनी विचारलं, भाजी कुठची, आणि मी खरं सांगितलं. शेतकऱ्याच्या घरी पालक विकत! त्यांनी ताट संपवलं, अन्न टाकणारे ते नव्हते, पण हात धुताना जे बोलले ते माझ्या छातीत बसलं.

"एक साल पाह्यतो. पुढच्या साली धानाची मळणी झाली का येतो. तवापर्यंत इथं काही उगवलं तं ठीक. नाई तं दोघंबी माह्यासंगं गाडीत बसाचं न् घरी चालाचं. वावराले हात कमी पडून राहिले."

यांनी मान खाली घालून हो म्हटलं. त्यांच्या घरात बापाच्या शब्दापुढे शब्द काढायची पद्धत नव्हती.

मला परत जायचं नव्हतं. हे मी आजही लपवत नाही. गाव वाईट नव्हतं, माणसं वाईट नव्हती, पण तिथे मी मधली सून होते आणि इथे मी घरची बाई होते. इथे चूल माझी, दार माझं. पलीकडच्या घरात तेलुगू, समोर बंगाली, कोपऱ्यावर पंजाबी, आणि सगळ्या माझ्याइतक्याच नव्या. कोणाला कोणाचं सासर माहीत नव्हतं. पुढच्या चौकात शाळेच्या भिंती चढत होत्या आणि त्या शाळेत जाणाऱ्या लेकराचं स्वप्न मी लेकरू व्हायच्या आधीच बघून ठेवलं होतं. पण यांचं मन दोन्हीकडे होतं. कोक ओव्हनची धग म्हणजे काही गंमत नव्हे. भुवया जळून घरी यायचे. पडल्या पडल्या म्हणायचे, "बाबा म्हणते थे काही खोटं नाई. तिथं निदान सावली हाय." मामाजी गेल्यावर यांनी आपली पत्र्याची ट्रंक माळ्यावर टाकली नाही, दाराजवळच ठेवली. रोज केर काढताना ती ट्रंक सरकवावी लागायची आणि रोज माझा पारा चढायचा.

हिवाळाभर मी विचार केला. बी चांगलं होतं, हात चांगले होते, पाणी नळाला येत होतं. खोट भुईत होती आणि वरून आम्ही तिला सिमेंट करून ठेवलं होतं. मग आमच्या गावचा उन्हाळा आठवला. उन्हाळ्यात तलाव आटतो आणि त्याचा काळा गाळ लोक वावरात नेऊन टाकतात. तलावांच्या मुलखातली मी, आणि वर्षभर मुरूम खरवडत बसले! काखेत कळसा आणि गावाला वळसा. खुर्सीपारच्या अलीकडे तेव्हा एक जुना तलाव होता, ज्येष्ठात त्याचा तळ फुटून भेगा पडायच्या. तिथले शेतकरी गाळ गाडीनं नेत होते, त्यांना विचारलं, ते म्हणाले ने बाई, गाळाला कोण अडवतं.

आधी मी जुने वाफे कोपरभर खोल उकरून सगळा मुरूम आणि राखेचे खडपे भिंतीबाहेर टाकले. मग घमेलं घेतलं आणि पहाटेच्या गारव्यात तलावाकडे जायला लागले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात गाळ. त्या वाटेनं कारखान्याच्या बांधकामावर रेजा जायच्या, म्हणजे डोक्यावरून गिट्टी-माती वाहणाऱ्या मजूर बायका. आम्ही एकाच रांगेत चालायचो. त्यांना आधी मी नवी रेजाच वाटले.

हे घरी आले ते तणतणत. "अवो, लोकं हासून राहिले. म्हणते, याची बायको रेजा झाली."

मी घमेलं खाली ठेवलं. "का जी, रोवणीत गुडघाभर चिखलात उभी राह्यत होती तवा कोणी हासलं नाई. आता कावून हासते?"

हे म्हणाले, लोक पगाराची भाजी खातात. मी म्हटलं, पगाराची भाजी खाणाऱ्याच्या दारात ट्रंक कावून हाय ते आधी सांगा. दुसऱ्या दिवशीही मी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. सांदवाडी भरेपर्यंत गेले. हसणारे हसून दमले. शेणखताला तोटा नव्हता, कारण जुन्या गावांची ढोरं अजून आमच्या क्वार्टरांमधून चरत हिंडायची. आणि राख मी मजुरांच्या झोपड्यांतून मागून आणली, त्यांच्या चुलीत लाकूड आणि गोवरी जळायची. सिगडीची राख त्या दिवसापासून रस्त्यावरच्या खड्ड्यात.

मृग लागला तशी मी पेरायला बसले, पण सगळं नाही. इथे आमच्या लाइनीची दुसरी खोड सांगते. गावाची आठवण येऊन येऊन बायकांचे हात असे शिवशिवायचे की पाणी पडलं रे पडलं की त्या असेल नसेल ते बी मातीत टाकायच्या. मेथी, सांभार, मुळा, पालक, सगळं एका दिवशी. मग सांभार पावसात सडला की भिलाईला शिव्या. अगं, सांभार कधी मृगात टाकतात का? मृगात टाकायची भेंडी, चवळी, दोडका, काकडी आणि कोहळं. वांगी-मिरचीचं रोप मृगात करायचं आणि आषाढात लावायचं. अंबाडी पावसाची. कोचईचे, म्हणजे अळूचे, कांदे मोरीच्या पाण्यावर लावून विसरून जायचं, ती आपली आपण वाढते. वाल पोळ्याच्या आसपास. मेथी, सांभार, मुळा यांना हस्ताचा पाऊस सरू द्यावा लागतो. लसूण कोजागिरीनंतर. "पी हळद अन् हो गोरी" असं भाजीत चालत नाही. हे मी नळावर उभी राहून सांगायची आणि बायका म्हणायच्या, आली पंचांग घेऊन. पुढच्या वर्षी त्याच विचारायला आल्या, ती गोष्ट वेगळी.

सांभाराचं बी चपलेखाली रगडून दोन फाक्या केल्याशिवाय टाकू नये, नाहीतर अर्धं उगवतच नाही. टाकल्यावर वरून पोतं झाकावं, नाहीतर चिमण्या आणि मुंग्या तुमच्या आधी जेवतात. कारखान्याकडून वारा आला की पानांवर लाल धूळ बसायची आणि पानं गुदमरल्यासारखी मलूल व्हायची, तर सकाळी नळाला पाणी आलं की आधी पानं धुवायची, मग स्वतः आंघोळ करायची. हे सगळं मी त्या वर्षी करून करून शिकले. कोणी शिकवलं नाही.

आणि कोहळं. कोहळ्याचं बी मी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात टाकलं, सगळ्यात जास्त गाळ तिथेच घातला होता. वेल असा निघाला की आषाढात भिंतीवर आणि श्रावणात छतावर. पानं सुपाएवढी. पिवळी फुलं सकाळी उघडायची तेव्हा बंगालीण समोरच्या खिडकीतून बघत राहायची. तिला मी फुलांची भजी दिली, तिनं मला त्यांची वेगळी रीत शिकवली. माझ्या मनात ठरलं होतं. मामाजी येतील तेव्हा बाकी काही असो नसो, छतावर कोहळं दिसलं पाहिजे. शेतकरी माणूस घरात शिरायच्या आधी छतच बघतो.

मग फळं गळायला लागली. फुलाखाली गोटीएवढं कोहळं दिसायचं, मी हरखायची, आणि चार दिवसांत ते पिवळं पडून खाली. एक गेलं, दोन गेली, भादवा लागला तरी एकही धरेना. मला कारण माहीत होतं. कोहळ्याच्या पोराला बोट दाखवू नये, बोट दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवावं. आणि आमचे हे ड्यूटीवरून आले की दोस्तांना अंगणात उभे करून सरळ बोटानं दाखवायचे, ते पाहा एक, ते पाहा दुसरं. मी त्यांच्या बोटावर लाटणं मारलं. खरंच मारलं. दोस्तांसमोर.

आमची दुसऱ्या बाजूची शेजारीण हे भिंतीपलीकडून ऐकत होती. ती नागपूरकडची, तिचा माणूस कारखान्याच्या रेल्वेत. त्यांच्या घरात नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती आणि उपास, नवस, दृष्ट, सगळं तिनं एका दिवसात घराबाहेर काढलं होतं. ती भिंतीवर कोपरं टेकवून म्हणाली, "बोटानं फळ गळत असतं, बाई, तं मी त्या नळाचं पाणी तोडणाऱ्या ठेकेदाराले रोज बोट दाखवलं असतं."

मला राग आला. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण बोटं बंद झाली तरी फळं गळतच होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती भिंत ओलांडून आली आणि आम्ही दोघी वेलाजवळ बसलो. फुलं उघडली. आमच्या गावी त्या वेळी फुलात भुंगे आणि मधमाशा मावत नाहीत, आत हात घालायची भीती वाटते. इथे फुलं उघडली आणि तशीच रिकामी राहिली. बसायला झाड नाही, झुडूप नाही, नुसता मुरूम आणि क्वार्टरं, मधमाशी येणार कुठून? फुलाच्या तळाशी फक्त लाल धूळ. शेजारीण म्हणाली, तिच्या माहेरी काटवलाचे वेल होते, त्यात नराचा वेल वेगळा असतो आणि तो नसला की फळ धरत नाही. कोहळ्यात दोन्ही फुलं एकाच वेलावर, लांब दांडीवर नराचं आणि खाली गोटी असलेलं मादीचं. मी एक नर तोडला, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि मधला पिवळा दांडा मादीच्या फुलात फिरवला. शेजारीण म्हणाली, लागलं लगीन. आम्ही दोघी इतक्या हसलो की बंगालीण उठून बाहेर आली.

ते फळ गळलं नाही. अंड्याएवढं झालं, मग पेरूएवढं. पण फुलं पहाटे उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात. त्या वेळेला मला नळ असायचा, पाणी गेलं की गेलं. तेव्हा हे रात्रपाळीवरून परत यायचे. कपड्यांना कोळशाचा वास, डोळे लाल. मी काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी बघते तर हे भिंतीवर चढून, तोंडात दोन नरफुलं धरून, छताच्या कडेच्या फुलाशी खटपट करतायत. ज्या हातांनी ओव्हनचं झाकण हलवायचं त्या हातांनी ते फूल असं धरलं होतं की मी नळ उघडा टाकून बघत राहिले.

"बसलं बरोबर," ते वरूनच म्हणाले. "कारखान्यातला पाना लागला नाई."

त्या दिवसापासून पहाटेचं लगीन त्यांच्याकडे. सावलीचं बोलणं बंद झालं. पण ट्रंक अजून दाराजवळच होती, कारण शब्द बापाला दिला होता आणि बाप यायचा होता.

कोहळी दोन मोठी झाली. एकाचा तळ तापलेल्या छतावर करपला आणि ते सडलं. दुसऱ्याखाली मी लगेच धानाच्या तणसाची चुंबळ ठेवली. ते वाढलं, हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं तांबूस, आणि दिवाळीपर्यंत माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावेना. बायका म्हणाल्या, काप आता. पण आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाई घालत नाही. घरातला मोठा पुरुष पहिला घाव घालतो, मग बायकांनी काय ते चिरावं. सासरी तो घाव नेहमी मामाजींचा. थोरल्या दिरांची मिशी पिकली तरी त्यांच्या हातात ती विळ्यासारखी पावशी कधी गेली नव्हती. हे म्हणाले, बाबा येईपर्यंत राहू दे. राहू दिलं.

मार्गशीर्षात मामाजी आले. दुर्गला उतरून, बस पकडून, हातात तांदळाची पिशवी. मी दारात पाणी घेऊन उभी होते. त्यांनी आधी वर पाहिलं. मला माहीत होतं वरच पाहणार. पाय धुतले आणि चहाला न थांबता थेट मागे गेले.

मागे त्या दिवशी जे होतं ते मी आजही डोळे मिटून सांगते. मेथी खुडायला आलेली, सांभार बोटभर, मुळ्यानं माती वर उचललेली, लसणाची पात सरळ रांगेत, वांग्याला जांभळी फळं, भिंतीभर वालाच्या शेंगा, नळाच्या चारीवर पुदिना आणि मोरीपाशी कोचईची पानं. मामाजी वाफ्यावर बसले. मातीचं ढेकूळ उचलून बोटांत चुरलं, नाकाशी नेलं.

"हा गाळ कुठचा?"

"तलावाचा, मामाजी."

"कोणं आणला?"

"म्या आणला. डोक्यावर."

हे माझ्यामागे उभे होते. मला वाटलं लाजतील. तर म्हणाले, "रोज पहाटे जाये, बाबा. सगळ्या लाइनीनं पाह्यलं." आणि ते अशा आवाजात म्हणाले की वर्षभराचा माझा राग तिथेच उतरला.

मामाजी उठले आणि हात धुतले.

यांनी छतावरून कोहळं उतरवलं. मधल्या खोलीत पोतं अंथरून त्यावर ठेवलं. मी पावशी धुऊन आणली आणि रीतीप्रमाणे मामाजींपुढे ठेवली. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तिचाही हिस्सा होता त्यात. मामाजींनी कोहळ्यावर तळहात फिरवला, बोटाच्या गाठीनं ठोकून आवाज ऐकला. ट्रंक दाराजवळच होती.

त्यांनी पावशी उचलली, फिरवली आणि मूठ यांच्याकडे करून पुढे सरकवली.

"घाल घाव."

हे दचकले. "बाबा, तुमी असताना?"

"मी पाव्हणा आहो," मामाजी म्हणाले. "या घरचा मोठा माणूस तू."

यांनी पावशी घेतली. मग घाव बसला आणि आतून केशरी गर दिसला. शेजारीण मोठ्यानं म्हणाली, अवो, केवढं गोड निघन हे. मी स्वयंपाकघरात पळाले, कारण मला रडू आवरेना. त्या दिवशी कोहळ्याची भाजी झाली, गुळाची बोंडं तळली, आणि सगळ्या लाइनीत फोडी गेल्या. आमच्या घरचं म्हणून गेल्या.

मामाजी चार दिवस राहिले. बी त्यांनी स्वतः गरातून सोडवलं, धुतलं आणि छतावर वाळत घातलं. चिमण्या हाकायला स्वतः बसायचे. जायच्या दिवशी त्यांनी माझ्याकडून लाकडाची राख मागून घेतली, बी तिच्यात घोळवलं आणि दोन पुरचुंड्या बांधल्या. एक धोतराच्या सोग्यात खोचली.

"हे तुह्या आत्याबाईले देतो. सांगतो, भिलाईचं बी हाय."

दुसरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. वर्षानुवर्षं त्या घरात पुढच्या पेरणीचं बी राखायचं काम कधी सुनेकडे गेलं नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील माझ्याबद्दल, गाळाबद्दल, वाफ्यांबद्दल. ते बोलले ते एवढंच:

"मिरगाले टाकजो, बाई. इथंच."

मी पुरचुंडी पदराला बांधली आणि त्यांच्या पाया पडले. उठले तेव्हा डोळे वाहत होते, ते मी पुसले नाहीत. बघू दे म्हटलं त्यांना.